रोह्याची गाडी आल्याशिवाय पहिलं गाणं नाही

मंदे, तुझी ढोलकी माझ्याकडे आली आणि पेणच्या बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

तुझ्या बाराव्याला तुझ्या सुनेने ती आतल्या खोलीतून आणली, माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मावशी, खोळ तुमच्या हातची हाय, तुम्हीच घेऊन जावा." मी काही मागितलं नव्हतं. मला त्या दिवशी माझी पिशवी कुठे ठेवली ते आठवत नव्हतं, ढोलकी कुठली मागते. पण पडवीत बसलेल्या बेबीने पाहिलं. तुझी शेजारीण, आयुष्यभर तुझ्या डाव्या अंगाला बसणारी ती. तिने शेजारच्या बाईला ऐकू जाईल आणि मलाही ऐकू येईल अशा बेताने म्हटलं, "ढोलकी रोह्याला चालली, म्हंजे मंडळ पन रोह्याला चाललं म्हनायचं." मी चपला घातल्या आणि निघाले. बसमध्ये नागोठण्यापर्यंत ढोलकीवर डोकं टेकून रडले. कंडक्टरने तिकीटसुद्धा हळू आवाजात मागितलं.

बघ, म्हणजे आपलं भांडण तू अर्ध्यावर टाकून गेलीस ते गेलीस, वर ते माझ्या गळ्यात अडकवून गेलीस. गुणगुण मंडळ पेणलाच एकत्र बसायचं की पेणचं वेगळं आणि रोह्याचं वेगळं करायचं, यावरून आपण किती महिने एकमेकींची डोकी खाल्ली. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते. मशीनवर ब्लाउज शिवताना तुझी वाक्यं मीच म्हणते, त्यांना उत्तरं मीच देते. ह्यांनी परवा विचारलं, कोणाशी बोलतेस. मी म्हटलं, मंदाशी. ते पंखा कमी करून बाहेर गेले.

मेल्या म्हशीला मणभर दूध, असं तूच म्हणायचीस कोणाच्या दहाव्याला गोड भाषणं झाली की. तेव्हा मी तुला देवी वगैरे करणार नाही. तू हट्टी होतीस. तुझ्या चहात साखर इतकी, की चमचा उभा राहावा. पापडाचा डबा तू पेणहून आणायचीस आणि त्यातले निम्मे तूच खायचीस. आणि तुला एकदा "नाय" म्हणायचं असलं, की वरून देव उतरला तरी "व्हय" निघत नसे.

पण थांबायचीस. एवढं मात्र मला सगळ्यांना सांगायचंय, की तू थांबायचीस.

आपण भेटलो ते माझ्या भाचीच्या हळदीला. वडखळच्या अलीकडचं गाव, अंगणात मांडव, बायका गात होत्या आणि तू ढोलकीवर. बाई ढोलकी वाजवते हेच आम्हा रोह्याच्या पाहुण्यांना नवल. मला तेव्हा माझ्या गळ्याचा फार ताठा. मी आपलं वरच्या पट्टीत सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला दम संपला. दुसरा कोणी वाजवणारा असता तर माझी फजिती करून पुढे निघून गेला असता. तू तिथल्या तिथे ठेका फिरवत राहिलीस आणि मान वर न करता म्हणालीस, "घे गो श्वास. मी थांबते. गानं काय गाडी हाय निघून जायला?"

नंतर जेवताना तू सांगितलंस, बाप मिठागरावर होता, तू बांधावर बसून पत्र्याचा डबा बडवत ठेका शिकलीस. मीठ ओढणाऱ्या बायकांच्या पायांना ठेका देत होतीस म्हणे. त्या थकल्या की डबा हळू व्हायचा. मला तेव्हा ती नुसती गंमत वाटली. पुढे तुझ्याबरोबर गायला लागले तेव्हा कळलं की तू ढोलकी वाजवताना बोटांकडे बघतच नव्हतीस, गाणारीच्या छातीकडे बघत होतीस, श्वास कुठे संपतोय ते.

मंडळ त्या हळदीतूनच निघालं. कोणी स्थापन केलं नाही, पाटी लावली नाही. महिन्यातून एका रविवारी पेणला जमायचं, लग्नातली जुनी गाणी, फेराची गाणी, रेडिओवरची भावगीतं, जिला जे येईल ते. आणि पहिल्या दिवसापासून तू एकच नियम घातलास. रोह्याची गाडी आल्याशिवाय पहिलं गाणं नाय.

त्या नियमापायी बेबीने किती कुरकूर केली असेल. हायवेचं काम कधी संपायचं नाही आणि आमची बस कधी वेळेवर पोचायची नाही. पेणच्या बायका चहा पिऊन, पापड खाऊन, एकमेकींच्या सुनांबद्दल बोलून संपायच्या तरी आम्ही आपल्या नागोठण्याच्या खड्ड्यात. आम्ही धापा टाकत जिना चढायचो तर तू ढोलकीच्या कड्या ओढत बसलेली. "सूर लागत नाय अजून," म्हणायचीस. बेबी म्हणायची, "तासभर झाला, ही सूरच लावतेय." आणि आम्ही बसलो, पदराने घाम पुसला, की लगेच तुझा सूर लागायचा. मला हे कळायला वर्ष लागलं असेल. बेबीला तर शेवटपर्यंत कळलं नाही असं मी समजत होते.

जागा म्हणजे तुझ्या दिराचा गणपतीचा कारखाना, जोह्याच्या रस्त्याला. त्याचा माळा. दिवाळीनंतर माळा मोकळा असायचा, आरामात पाय पसरून गायचो. मग जसजसे कच्चे गणपती वर चढायला लागायचे तसतशा आम्ही अंग चोरायला लागायचो. आषाढात तर दोन गणपतींच्या मधे एक बाई अशी बैठक. सगळे पांढरे, रंग नाही, डोळे काढलेले नाहीत. तू म्हणायचीस, "ऐकनारे असे पायजेत. तोंडावर जांभई तर देत नाय."

त्याच माळ्यावर शालनने तो घोटाळा केला. आमची शालन, तुला माहीत आहे, फेराचं गाणं सुरू झालं की तिला बसवत नाही. अंगाने भरलेली, त्यात जागा तेवढीशी. उठली, एक गिरकी घेतली आणि कोपराने एका गणपतीचा मोदकाचा हात खाली. सगळ्या बायका गार. गाणं बंद पडलं, टाळ्या बंद पडल्या. तुझी ढोलकी तेवढी चालू. तू नजरेनेच मला दटावलंस, गा. मी गायले, कशीबशी, शेवटच्या ओळीपर्यंत. मग तू ढोलकी बाजूला ठेवलीस आणि रडवेल्या शालनला म्हणालीस, "रडतेस कशाला? प्रानप्रतिष्ठा व्हायची हाय अजून. आता ती माती. मातीला हात लावता येतो." भावजी वर आले, ओल्या मातीने हात चिकटवला, मागे सरून तिरका तर नाही ना ते पाहिलं. माणूस देवासारखा, रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "वहिनी, पुढच्या खेपेला निम्म्या बायका आना."

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

मी परतीच्या बसमध्येच ठरवलं होतं, रोह्याची बैठक रोह्यातच करायची. आणि मंदे, मी आजही म्हणते, माझं चूक नव्हतं. जागा पुरत नव्हती हे निमित्त. खरी गोष्ट ही की आमच्या गोदाकाकू वर्षभर घरी बसल्या होत्या. गुडघे गेले, बसची पायरी चढवेना. एवढा गळा त्या बाईचा, आणि देवापुढे दिवा लावताना गायचं तेवढंच. तिच्यामागून आणखी एक गळाली. मी तुला फोनवर म्हटलं, "तुमचं मंडळ टिकवायला आमच्या बायका कमी करत बसू का?" तू म्हणालीस, "तुमचं-आमचं कधीपासून झालं गो?" मी म्हटलं, झालंच आहे, तुम्ही चालत येता, आम्ही हाडं खिळखिळी करून येतो. तर तू म्हणालीस, "वेगळं झालं की दोन चुली. दोन चुली झाल्या की सनाला बोलावतात, रोजचं नाय." मी म्हटलं, मग आम्ही काय जन्म एसटीत काढायचा? तू म्हणालीस, "एसटीत पन गावा की. तिला तर आयता ठेका हाय." मी फोन ठेवून दिला. पुढे दोन दिवस ह्यांना भाजीत मीठ जास्त लागत होतं.

मग मी केलीच बैठक. माझ्या घरी, नदीकडच्या खोलीत, मशीन भिंतीला सरकवून. गोदाकाकूंना रिक्षातून आणलं. नवं लुगडं नेसून आल्या होत्या, लग्नाला निघाल्यासारख्या. ढोलकी नाही म्हणून मी मोबाइलवर तबल्याचं अ‍ॅप घेतलं. आता तुला सांगते, तेव्हा सांगितलं नव्हतं, ते अ‍ॅप म्हणजे शिक्षा होती. गोदाकाकूंचा श्वास ओळीच्या मधे तुटायचा आणि ते आपलं कंपनीच्या मशीनसारखं पुढे. आम्ही त्याच्यामागे धावतोय. शालन तर मोबाइलला म्हणाली, "अरे थांब की जरा मेल्या."

आणि तेवढ्यात दारात तू. खांद्याला ढोलकी, माझ्या हातची खोळ, खणाच्या उरलेल्या तुकड्यांची, केसांवर सगळी हायवेची धूळ. न सांगता, न विचारता. मला इतका आनंद झाला की मी अ‍ॅप बंद करताना मोबाइलच पाडला. तू उंबऱ्याजवळ बसलीस, ढोलकी मांडीवर घेतलीस आणि खोळीची गाठ काही सोडली नाहीस. मी म्हटलं, वाजव ना. तू म्हणालीस, "तुमची बैठक, तुमचा ठेका. मी ऐकायला आले." पूर्ण बैठक तू तशीच बसलीस. वालाचं बिरडं मात्र दोनदा मागून घेतलंस.

इतका राग आला होता मला. तुला स्टँडवर सोडायला आले ते तोंडाला कुलूप लावून. गाडी लागली, तू पायरीवर चढलीस, वळलीस आणि म्हणालीस, "ती गोदाकाकू. एवढा गळा घरात कोंडून घातला व्हता व्हय तुम्ही?" झालं, गाडी सुटली. माझं पटलं असं तू म्हणाली नाहीस. पण ते वाक्य मी घरी येईपर्यंत चघळत होते. मला वाटतं, पटलं होतं तुला. विचारलं असतं तर कबूल केलं नसतंस, म्हणून विचारलं नाही.

त्यानंतर मी जरा नमून घेतलं. म्हटलं, मंदे, तू एक महिना तिकडे वाजव, एक महिना इकडे. तू हात पुढे केलेस, लहानपणी मिठागरावर तळव्यांना पडलेल्या त्या जुन्या भेगा, आणि म्हणालीस, "मी काय दोन्ही गावांना जन्मभर पुरनार हाय? हात मला दोनच." मी म्हटलं, मग आमच्यातल्या कोणाला तरी शिकव. त्यानंतरच्या बैठकीत, चहाच्या वेळी, सगळ्या खाली गेल्यावर तू माझं मनगट धरून ढोलकीच्या उजव्या बाजूवर ठेवलंस. "ही बाजू शीक."

शिकले. शिवणाच्या मशीनच्या फळीवर, परातीवर, बसच्या पुढच्या सीटवर. पुढच्या सीटवरच्या माणसाने दोनदा मागे वळून पाहिलं. तुझी शिकवण्याची रीत म्हणजे काही बोलायचं नाही, माझ्या गुडघ्यावर तू वाजवायचीस आणि ते मी ढोलकीवर उतरवायचं. रात्री गुडघ्यात ठेका ठणकायचा. उजवा हात बरा बसला, बोटांना वरच्या सुराची टीप सापडली. मग मी डाव्याचं काढलं. तो खालचा घुमारा, त्याच्याशिवाय उजवं नुसतं टकटक. तू म्हणालीस, "आधी उजवा पिकू दे. डाव्याची घाई नको." पुढच्या महिन्यात परत तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात परत. शेवटी मी चिडून म्हटलं, शिकवायचंच नसेल तर तसं सांग, टांगून का ठेवतेस. तू हसलीस आणि पापड पुढे केलास.

आपलं शेवटचं बोलणं फोनवरच झालं. दिवाळीचा फराळ, तुझं गुडघ्याचं तेल, आणि मी म्हटलं, या रविवारी डावा दाखवणार का नाही? तू म्हणालीस, "बघू गो."

तो रविवार आलाच नाही. ते "बघू गो" अजून माझ्या कानात आहे. त्यात होकार होता का, हे मी निरनिराळ्या सुरात म्हणून बघते.

तर आता गेल्या महिन्याचं ऐक. बाराव्यानंतर पेणहून कोणाचा फोन नाही. मी केला तर बेबी उचलेना. रविवार जवळ आला. शालन म्हणाली, नको जाऊया, अपमान होईल, आपली आपण इथे गाऊ, ढोलकी तर आपल्याकडेच आहे. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात आलं. भांडण मीच जिंकल्यासारखं झालं होतं, घर माझं, बायका माझ्या, ढोलकी माझ्या मशीनशेजारी. आणि तिच्याकडे बघून मला इतकं एकटं वाटलं की मी शालनला म्हटलं, पदर खोच, निघायचंय.

बस नेहमीसारखी उशिरा. वडखळला तर हललीच नाही. मी धरूनच चालले होते की त्यांची दोन-चार गाणी झाली असतील आणि आम्ही जिन्यावरच उभ्या राहून ऐकायचं. कारखान्यात शिरलो तर माळ्यावरून आवाज नाही. वाटलं, जमल्याच नाहीत. वर गेलो तर सगळ्या बसलेल्या. चहाचे कप उपडे, पापडाचा डबा रिकामा. भिंतीला या हंगामातले पहिले पांढरे गणपती. बेबीने माझ्याकडे पाहिलं नाही, समोरच्या रिकाम्या चटईकडे पाहून म्हणाली, "रोह्याची गाडी आली. करा सुरू."

म्हणजे तिलाही माहीत होतं, मंदे. तुझा सूर का लागत नव्हता ते तिला कायम माहीत होतं.

मी खोळ सोडली. ढोलकी मधे ठेवली. आता वाजवणार कोण? मग बेबी कडवटपणे म्हणाली, "वाजव की. तुला शिकवलंय म्हनं तिने चोरून."

मी म्हटलं, "अर्धंच शिकवलंय. उजवा हात. डावा शिकवायच्या आधीच गेली."

बेबीने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिचा चेहरा बघायला तू हवी होतीस. ती म्हणाली, "मला डावा शिकवलाय. शनिवारी-शनिवारी, पडवीत. उजवा दाखव म्हटलं तर म्हनायची, आधी डावा पिकू दे."

मग शालनला हसू फुटलं. पोट धरून, त्या गणपतींना सांभाळून हसली. मग सगळ्याच हसल्या, बेबी पण हसली, आणि हसता हसता तिने पदर तोंडात धरला आणि मी पण धरला. किती वेळ गेला असा, देव जाणे. खालून भावजी विचारायला आले की काय झालं.

मग आम्ही बसलो, ढोलकीच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला मी. पहिलं गाणं ओशाळवाणं झालं, खोटं नाही सांगत. तिचा घुमारा एकीकडे, माझी टीप दुसरीकडे. ठेका जुळवायचा तर एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागतं, दुसरा उपायच नाही. जिच्याशी बोलणं टाकलं होतं तिच्या तोंडाकडे मी तासभर एकटक बघत होते. तिसऱ्या गाण्यात गाणारी मीच होते, आणि दुसऱ्या ओळीला माझा दम संपला, जसा त्या हळदीला संपला होता. बेबी पुढे गेली नाही. डाव्या हाताने तिथल्या तिथे फिरवत राहिली, मी श्वास घेईपर्यंत. कुरकूर केली नाही.

आता बेबी म्हणते, मंदाने हे मुद्दाम केलं, ती काय कमी इरसाल व्हती का. शालन म्हणते, छे, शिकवायला वेळ मिळाला नाही बिचारीला. मला विचारशील तर मला दोन्ही पटतं. तू होतीस तोवर कबूल करून घेता आलं असतं, आता कोणाकडून घेऊ. पण मंदे, मुद्दाम केलं असशील तर तुझ्यासारखी डांबरट बाई मी पाहिली नाही, आणि मी तुझ्या पाया पडते. तू थांबत होतीस म्हणून मी गात होते, नाहीतर माझ्या गळ्यात काही दम नव्हता. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, "पुरे गो, पापड घे."

भांडण मिटलं असं समजू नकोस. मी अजून म्हणते, बैठक रोह्यात व्हायला हवी. बेबी अजून म्हणते, मंडळ पेणचं. सध्या ठरलंय ते असं की एक महिना तिकडे, एक महिना इकडे, आणि ढोलकी कोणाच्या घरी राहील यावर रोज सकाळी फोनवर वाद होतो. बोलणं मात्र सुरू आहे.

आज आमच्याकडची पाळी. मशीन भिंतीला सरकवलंय, बिरडं शिजलंय, गोदाकाकू तेच लुगडं नेसून कधीच्या येऊन बसल्यात. पेणची गाडी आलेली नाही. बेबीचा फोन आला होता, वडखळला अडकलोय म्हणून, आणि वर, "सुरू करशील तर बघ." शालन म्हणते, तोवर मोबाइलवर ते अ‍ॅप लावूया का, गोदाकाकूंना कंटाळा आला असेल. मी नको म्हटलं. हा कागद आता ठेवते. ढोलकी मांडीवर घेतलीये आणि कड्या ओढत बसलेय. सूर लागत नाही अजून.